हॉटेल, लॉज किंवा छोट्या कारखान्यात पाण्याचं ऑडिट स्वतः कसं करायचं

कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा महिन्याला लाईटबिल किती येतं, आकडा तोंडपाठ असतो. गॅसच्या टाक्या किती लागतात तेही माहीत असतं. पण दिवसाला पाणी किती लागतं विचारलं की उत्तर येतं, नळाला पाणी आलं तर भागतं, नाहीतर दोन टँकर मागवतो. म्हणजे किती लिटर ते कुणालाच माहीत नसतं. मी लातूरचा, हॉटेल आणि लॉजच्या मेंटेनन्सची कामं करतो, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वॅगनमधून आमच्या गावाला पाणी आलं ते डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा घराघरात लिटरचा हिशोब होता, मग पाऊस झाला आणि धंद्यांमध्ये तरी तो हिशोब परत मागे पडला. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ज्याला खरंच करायचंय त्याला एका आठवड्यात करता यावं म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण इथेच बहुतेक लोक चुकतात. ऑडिट म्हणजे सेन्सरचे नळ आणि महागडे शॉवर बसवणं नाही. ते विकणारा माणूस पहिल्याच दिवशी कॅटलॉग घेऊन येईल, त्याला महिनाभर थांबा म्हणा. ऑडिट म्हणजे आत किती पाणी आलं, कुठे कुठे किती गेलं, आणि या दोन्हीत जो फरक उरला तो कुठे गेला, एवढंच. तो फरक सापडल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आणि तो फरक सापडतो रात्री, सगळं बंद असताना, दिवसा नाही.

उदाहरणासाठी मी केलेलं एक काम घेतो, नाव सांगत नाही. हायवेला लागून २४ खोल्यांचं लॉज, खाली ६० सीटचं व्हेज रेस्टॉरंट, मागे स्वतःची छोटी लाँड्री, कामाला २२ माणसं. पाण्याचे सोर्स तीन: नळ कनेक्शन, बोअर आणि कमी पडलं की टँकर. मालकाची तक्रार एकच, खोल्या तेवढ्याच भरतात पण टँकर वाढत चाललेत.

आधी कागदावर लाईन काढा

प्लंबर आणि जुन्यातला जुना माणूस, बहुतेक ठिकाणी तो वॉचमन असतो, दोघांना सोबत घ्या आणि पाणी गेटमधून आत येतं तिथून गटारात जातं तिथपर्यंत चालत जा. संप (जमिनीखालची टाकी) कुठे, वरच्या टाक्या किती, कुठल्या टाकीवरून कुठली लाईन उतरते, लाईन बंद करायचे गेट व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत आणि त्यातले किती खरंच फिरतात, सगळं एका कागदावर काढा. चित्र सुंदर असायची गरज नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये दोन-तीनदा रिपेअरी झालेली असते आणि जुनी लाईन बंद न करता तशीच सोडलेली असते, ती फक्त त्या जुन्या माणसाला माहीत असते. आमच्या या लॉजवर वॉचमन मामांनी सांगितलं की मागे पूर्वी गाड्या धुवायची जागा होती, तिथे जमिनीखालून एक लाईन गेली आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येईल.

याच फेरीत टाक्यांचे ओव्हरफ्लो पाइप कुठे निघतात ते बघा. खूप ठिकाणी ओव्हरफ्लो पावसाच्या पाण्याच्या पाइपात जोडलेला असतो, त्यामुळे टाकी रोज तासभर वाहिली तरी कुणाला दिसत नाही आणि आवाजही येत नाही. असा पाइप दिसला तर तो तोडून उघड्यावर, लोकांच्या डोळ्यासमोर पडेल असा काढा.

आत येणारं पाणी मोजा, सलग सात दिवस

सात दिवस का, तर शनिवार-रविवारचा धंदा आणि मंगळवारचा धंदा सारखा नसतो. लग्नसराईत किंवा नवरात्राच्या उपवासात मोजलं तर आकडे भलतेच येतात, म्हणून साधा आठवडा निवडा.

नळ कनेक्शनला मीटर असेल तर तो वाचा. त्यावरचे काळे आकडे घनमीटर म्हणजे हजार लिटर दाखवतात, लाल आकडे किंवा छोटे लाल काटे त्याच्या खालचा हिशोब. एक घनमीटर, एक किलोलिटर, एक हजार लिटर, तिन्ही एकच. रीडिंग रोज एकाच वेळेला घ्या, मी सकाळी ६ ठरवतो कारण तेव्हा वॉचमनची ड्यूटी बदलते आणि दोघं मिळून आकडा वाचतात. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा म्हणजे नंतर वाद नको. जिथे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तिथे एक अडचण आहे, पाणी सुरू होताना रिकाम्या लाईनमधली हवा आधी बाहेर येते आणि ती हवासुद्धा मीटर फिरवते, त्यामुळे मीटर थोडा जास्त दाखवतो. संपमध्ये पाण्याची उंची किती वाढली ते पट्टीने मोजून पडताळा घ्या.

बोअरला बहुतेक कुणी मीटर लावत नाही. लावला तर उत्तमच, आधी गाळणी लावा नाहीतर वाळूने मीटर अडकतो, आणि मीटरवरचा बाण पाण्याच्या दिशेला आहे ना ते बघा, मी उलटा लावलेला मीटरही बघितलाय. मीटर नसेल तर २०० लिटरचा ड्रम घ्या, बोअरचा पाइप त्यात सोडा आणि मोबाईलवर वेळ लावा. समजा १६० सेकंदांत ड्रम भरला, तर तासाला ४५०० लिटर. आता मोटरच्या पॅनेलवर इलेक्ट्रिशियनकडून एक अवर मीटर बसवून घ्या, मोटर किती तास चालली ते तो दाखवतो, तास गुणिले ४५०० केलं की झालं. फक्त हे माप मार्च-एप्रिलमध्ये परत घ्या, उन्हाळ्यात बोअरचं पाणी उतरतं आणि जुना आकडा धरला तर हिशोब फुगतो.

टँकरचं काय, १० हजार लिटरचा टँकर म्हणून पैसे घेतात, पण ते १० हजार आहे का? संप आतून मोजा. संप ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल तर पाण्याची उंची १ सेंटीमीटर वाढणं म्हणजे ६० लिटर. सूत्र लक्षात ठेवायला सोपं आहे: एक मीटर बाय एक मीटर जागेत १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० लिटर. टँकर यायच्या आधी आणि नंतर पट्टी बुडवा, दोन-तीन टँकरांनंतर तुम्हाला कळेल कुठला टँकरवाला पूर्ण भरून आणतो.

आमच्या लॉजवर तिन्ही सोर्स मिळून सात दिवसांची सरासरी निघाली दिवसाला १९,६०० लिटर. मालकाचा अंदाज होता बारा हजार.

मग किती लागायला हवं होतं

यासाठी भारतीय मानक आयएस ११७२ मध्ये आकडे दिलेत, अंदाज बांधायला ते पुरेसे आहेत. साध्या हॉटेल-लॉजला एका बेडमागे दिवसाला १८० लिटर, रेस्टॉरंटला एका सीटमागे ७० लिटर, ऑफिसला माणशी ४५ लिटर, कारखान्यात आंघोळीची सोय असेल तर माणशी ४५ आणि नसेल तर ३०. कारखान्याच्या आकड्यात प्रोसेसचं पाणी धरलेलं नाही, ते वेगळं.

आमच्याकडे सरासरी ३२ गेस्ट, म्हणजे ५,७६०. ६० सीटचे ४,२००. २२ स्टाफचे ४५ प्रमाणे ९९०. बेरीज १०,९५० लिटर. खर्च होतंय १९,६००. हे मानक म्हणजे देवाचा शब्द नाही, जरा जुनं आहे आणि आपल्याकडे बादलीने आंघोळ करणारा गेस्ट १८० लिटर वापरतही नाही, पण जवळजवळ पावणेदोन पट जास्त खर्च होत असेल तर कुठेतरी मोठं भोक आहे एवढं नक्की.

रात्रीचं रीडिंग

माझ्या मते अख्ख्या ऑडिटमध्ये एकच गोष्ट करायला वेळ असेल तर हीच करा.

रात्री किचन बंद झाल्यावर, भांडी धुऊन झाल्यावर, साधारण दीड वाजता वरच्या टाक्या पूर्ण भरून घ्या आणि मोटर बंद करा. ऑटोमॅटिक फ्लोट स्विच असेल तर पॅनेलवरून तो बंद करा नाहीतर मोटर मध्येच चालू होऊन सगळी मेहनत वाया जाईल. मग टॉर्च आणि स्टीलची पट्टी घेऊन टाकीवर चढा, पाण्याची पातळी मोजा, टाकीच्या आतल्या भिंतीवर खडूने खूण करा. तीन तास काही करायचं नाही. साडेचारला परत मोजा.

आमच्या लॉजवर टाकी होती ३ बाय २ मीटर. साडेचार वाजता मी आणि वॉचमन मामा वर गेलो, पट्टी टाकली, पाणी ११ सेंटीमीटर उतरलेलं. ११ गुणिले ६०, म्हणजे तीन तासांत ६६० लिटर. सगळी दुनिया झोपलेली असताना. मामा दोनदा पट्टी घेऊन स्वतः बघत होते, त्यांना वाटलं माझी चूक झाली. रात्री गेस्ट उठून बाथरूमला जातात त्याचे दहा फ्लश धरले, एकाला १० लिटर, म्हणजे १०० वजा. उरले ५६०. तासाला साधारण १८७ लिटर, चोवीस तासांचे ४,४८० लिटर. ही गळती दिवसाही चालूच असते, फक्त दिवसाच्या वापरात ती दिसत नाही.

पैशात काढून बघा. समजा तुमच्याकडे १० हजार लिटरचा टँकर १,२०० रुपयांना पडतो, म्हणजे लिटरला १२ पैसे. ४,४८० लिटरचे दिवसाचे ५३७ रुपये, महिन्याचे सोळा हजारांच्या वर. यात ते पाणी वर चढवायची वीज धरलेलीच नाही.

इथे एक फसवणारी गोष्ट आहे. टाकी उतरली म्हणजे नळच गळतात असं नाही. मोटरच्या लाईनवरचा, पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब असेल आणि चढणारा पाइप टाकीच्या तळातून आत येत असेल तर मोटर बंद झाल्यावर वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली संपात जातं. सकाळी मोटर परत तेच पाणी वर चढवते, पाणी वाया जात नाही पण वीज जाते आणि तुम्ही नसलेली गळती शोधत फिरता. म्हणून टेस्टच्या आधी चढणाऱ्या लाईनचा गेट व्हॉल्व्ह हाताने बंद करा.

संपाचीही अशीच टेस्ट घ्या, येणं-जाणं दोन्ही बंद करून रात्रभर ठेवा. पातळी उतरली तर संप गळतोय. आणि पावसाळ्यात पातळी वाढलेली दिसली तर ते जास्त वाईट, बाहेरचं पाणी आत झिरपतंय, आणि जवळ सेप्टिक टँक किंवा गटार असेल तर ते पाणी तुम्ही गेस्टला पाजताय. त्या दिवशी बाकी सगळं सोडा, संप रिकामा करा, पाणी तपासायला द्या आणि आधी वॉटरप्रूफिंग करा. रिकाम्या संपात माणूस उतरवताना झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर दुसरा माणूस दोरी घेऊन उभा पाहिजे, यात हयगय नको.

गळती नेमकी कुठे ते शोधणं

लाईनच्या कागदाचा उपयोग इथे होतो. दुसऱ्या रात्री एकेक गेट व्हॉल्व्ह बंद करत जायचं, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास थांबून टाकी बघायची. ज्याला बंद केल्यावर उतार थांबतो किंवा एकदम कमी होतो, गळती त्या लाईनवर. मीटर असेल तर काम आणखी सोपं, मीटरच्या काचेखाली एक छोटी चांदणी किंवा त्रिकोण असतो, सगळे नळ बंद असताना तो हळूहळू फिरत असेल तर समजा पाणी जातंय.

आमच्याकडे मागच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला आणि उताराचे दोन तृतीयांश गायब. तीच, गाड्या धुवायच्या जागेची जुनी लाईन. वापरात नाही, पण लाँड्रीच्या लाईनवरून निघालेली आणि जमिनीखाली कुजलेली. वर गवत हिरवंगार होतं, मे महिन्यात, आणि सगळे म्हणत होते जमीन चांगली आहे. लाईन तोडून प्लग मारला, अर्ध्या दिवसाचं काम.

उरलेली गळती खोल्यांत. फ्लशच्या टाक्या सगळ्यात गुपचूप गळतात कारण पाणी भांड्याच्या मागच्या बाजूने बारीक उतरत राहतं, आवाज नाही, थेंब नाही. टेस्ट सोपी: किचनमधला खायचा रंग, टाकीत थोडा टाका, १५-२० मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी सील गेलाय. २४ पैकी ७ टाक्यांमध्ये रंग उतरला. एकीत मोजूनही बघितलं, अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा कॉक) बंद करून पेन्सिलने पातळीवर खूण केली, टाकी आतून ४० बाय १५ सेंटीमीटर, २० मिनिटांत ५ सेंटीमीटर उतरली, म्हणजे ३ लिटर. तासाला ९, दिवसाला २१६ लिटर, एका टाकीतून. सातही टाक्या मिळून दीड हजाराच्या आसपास. दुरुस्तीला लागला रबराचा एक सील, आणि तो बदलायला दहा मिनिटं. बोअरचं पाणी जड असतं तिथे क्षार बसून हा सील दर वर्षा-दीड वर्षाने जातो, तेव्हा डझनभर आणून स्टोअरमध्ये ठेवा.

नळाचा थेंब सगळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण २० लिटर, वायसर बदला, पण मोठा चोर तिथे नाही.

आता खरा वापर, जागेवर उभं राहून

प्रत्येक नळाखाली मोजाची बादली धरा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. तळमजल्यावर हा आकडा वरच्या मजल्यापेक्षा जास्त येईल कारण खाली प्रेशर जास्त. यावर फुकटचा उपाय आहे, खालच्या मजल्यांचे अँगल कॉक अर्धे फिरवून ठेवा. हात धुवायच्या बेसिनला एरेटर (नळाच्या तोंडाला लावायची, पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावला की ५-६ लिटरवर भागतं आणि गेस्टला फरकही कळत नाही. पण बादली भरायच्या नळाला एरेटर लावू नका, बादलीला लागतं तेवढंच पाणी लागतं, उगीच वेळ दुप्पट होतो आणि माणसं चिडून तो काढून टाकतात.

किचनच्या मोरीजवळ मी दोन दिवस बसलो, आणि तुम्हीही बसा, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळतं. भांड्यांच्या सिंकचा नळ मिनिटाला १४ लिटर, आणि दिवसात मिळून साडेतीन तास सलग चालू. १४ गुणिले ६० गुणिले ३.५, म्हणजे २,९४० लिटर. मालक म्हणाले मावशींना कितीदा सांगितलं नळ बंद करत जा. मी मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दादा, दोन्ही हात साबणाचे असतात, तोटी घसरते, अन् परत चालू करायला परत पिळायची. ताटं तर थांबत नाहीत, गिऱ्हाईक वर बोंबलतंय." बरोबर होतं त्यांचं. ती गोल पिळायची तोटी होती, ओल्या हाताने फिरवायला खरंच त्रास. तिथे पायाने दाबायचा पेडल व्हॉल्व्ह बसवला, पाय दाबला की पाणी, पाय उचलला की बंद. शिवाय खरकटं आधी रबरी पट्टीने कोरडंच डब्यात ओढायचं, मग एका सिंकमध्ये भिजवणं, दुसऱ्यात घासणं, तिसऱ्यात खळबळणं. भिजवायच्या सिंकचं पाणी दिवसातून चारदा बदलायचं. दोन आठवड्यांनी मोजलं तर १,३०० लिटर. बोर्ड लावून हे झालं नसतं. आणि मावशींचे हात दिवसभर पाण्यात असायचे ते कमी झालं हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

किचनमध्ये आणखी बघायच्या गोष्टी: फ्रोझन माल नळाखाली धरून वितळवतात का (आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की झालं), भाजी वाहत्या पाण्यात धुतात की टबमध्ये, आणि आरओ. आरओचं वाया जाणारं पाणी बहुतेकांनी मोजलेलंच नसतं. आमच्याकडे एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन लिटर बाहेर जात होतं, रोज ४०० लिटर प्यायचं पाणी म्हणजे ८०० लिटर थेट गटारात. ते एका ड्रममध्ये घेऊन पोछा, पार्किंग धुणं, कॉमन टॉयलेटला वापरलं. झाडांना मात्र आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बघून द्या, बोअरचं पाणी आधीच खारट असेल तर आरओच्या बाहेरच्या पाण्याने कुंड्या महिन्याभरात जळतात. वॉशिंग मशिनलाही नको, क्षार बसतात.

खोल्यांमध्ये शॉवर मोजा, जुने शॉवर मिनिटाला १५ लिटरच्या पुढे जातात, ८ लिटरचा चांगला शॉवर पुरतो. गरम पाण्याचा एक हिशोब मात्र कुणी करत नाही. गच्चीवरच्या सोलरपासून खोलीपर्यंत २० मीटर पाइप असेल आणि पाइप आतून २५ मिलिमीटरचा असेल तर त्यात साधारण १० लिटर थंड झालेलं पाणी उभं असतं, ते सोडून दिल्याशिवाय गरम येत नाही. गेस्ट बोट लावून बघत उभा राहतो आणि ते पाणी वाहतं. पाइपाला इन्सुलेशन करा, आणि शॉवरखाली एक बादली ठेवा, आपल्या लोकांना बादलीची सवय आहेच, गेस्ट स्वतःहून ते पाणी त्यात घेतो. आणि गिझरवर असाल तर लक्षात घ्या, १,००० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ३५ युनिट वीज लागते. गरम पाणी वाचलं की त्याच्यासोबत वीजही वाचते.

लाँड्रीत मशिन अर्धं भरून चालवू नका आणि दोन दिवस राहणाऱ्या गेस्टला विचारून चादर बदला, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिथे नाही.

हिशोब जुळवा

आमचा असा जुळला: खोल्या ५,६००, किचन आणि पिणं मिळून ५,२००, लाँड्री २,०००, स्टाफ ९००, साफसफाई आणि झाडं ७००, गळती ४,४८०. बेरीज १८,८८०. आलेलं पाणी १९,६००. म्हणजे ७२० लिटर हिशोबाबाहेर, पावणेचार टक्के. मी १० टक्क्यांच्या आत आलो की थांबतो, त्याच्या वर असेल तर एखादी लाईन किंवा ओव्हरफ्लो नजरेतून सुटलाय असं समजून परत फिरतो. आकडे ओढूनताणून जुळवू नका, साफसफाईत दोन हजार लिटर घालून बेरीज बरोबर आणणारे रिपोर्ट मी बघितलेत, त्याने फक्त कागद जुळतो.

मगच कामांची यादी करा, आणि क्रम पैशाप्रमाणे लावा: आधी गळती, मग सवय आणि पद्धत, मग छोटे फिटिंग, सगळ्यात शेवटी मोठी मशिनरी. प्रत्येक कामासमोर वाचणारे लिटर, त्याचे महिन्याचे पैसे आणि खर्च किती महिन्यांत निघेल ते लिहा. पैसे काढताना फक्त टँकरचा दर धरू नका. ५ एचपीची बोअर मोटर तासाला साडेचार युनिटच्या आसपास खाते, ४,५०० लिटर देत असेल तर हजार लिटरला एक युनिट, वर संपातून टाकीत चढवायची वेगळी. जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर असेल तर त्याचं मीठ, आणि सेप्टिक टँक उपसायचा खर्च. गळकं फ्लशचं पाणी सेप्टिक टँकमध्येच जातं ना, ते उपसायचे पैसेही तुम्हीच देता.

कारखाना असेल तर

वरची सगळी पद्धत तशीच, फक्त मोठा वापर बहुतेक वेळा कूलिंग टॉवर (मशिनचं गरम झालेलं पाणी गार करणारा), बॉयलर आणि धुण्याच्या टाक्यांमध्ये असतो. कूलिंग टॉवरचं सांगतो. टॉवरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून मधूनमधून पाणी सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. फिरणाऱ्या पाण्याचा टीडीएस भागिले नव्याने येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, हा आकडा काढा. आणि ब्लोडाऊन म्हणजे बाष्पीभवन भागिले, त्या आकड्यातून एक वजा करून जे येईल ते. समजा दिवसाला १० हजार लिटर उडतं. आकडा २ असेल तर ब्लोडाऊनही १० हजार, एकूण २० हजार लागणार. ५ वर नेला तर ब्लोडाऊन अडीच हजार, एकूण साडेबारा. म्हणजे साडेसात हजार लिटर वाचलं, फक्त ऑपरेटरने व्हॉल्व्ह अंदाजाने उघडा ठेवायच्या ऐवजी टीडीएस मीटर बघून सोडल्यामुळे. पण ५ वर नेण्याआधी केमिकलवाल्याशी बोला, पाणी फार जड असेल तर स्केल म्हणजे क्षारांचा थर बसून कंडेन्सर जाईल. बॉयलर असेल तर कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) परत येतोय का ते बघा, ते गरम आणि शुद्ध पाणी गटारात सोडणं म्हणजे इंधनच सोडणं.

जमिनीतून पाणी उपसत असाल तर कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिवसाला १०० घनमीटरपेक्षा जास्त भूजल उपसणाऱ्या उद्योगांना दरवर्षी मान्यताप्राप्त ऑडिटरकडून पाण्याचं ऑडिट करून घ्यायला आणि तीन वर्षांत भूजलाचा वापर किमान २० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं होतं, सध्याचा नियम काय ते बघून घ्या. तिथे मी सांगितलेलं घरगुती ऑडिट चालणार नाही, पण ते आधी केलेलं असेल तर ऑडिटर आल्यावर त्याच्या हातात द्यायला आकडे तरी असतात.

चालू ठेवायचं कसं

लॉजवर गळती, पेडल आणि बाकी छोटी कामं झाल्यावर महिन्याभराने परत सात दिवस मोजलं, सरासरी आली १३,१०० लिटर. उन्हाळ्यात टँकर अर्ध्यावर आले.

आता तिथे एक रजिस्टर आहे, रोज सकाळी ६ चं रीडिंग, शेजारी त्या दिवशीचे गेस्ट आणि रेस्टॉरंटची बिलं. नुसते लिटर बघून काही कळत नाही, धंदा वाढला की पाणी वाढणारच, म्हणून एका गेस्टमागे किती लिटर ते बघतात. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रात्रीचं रीडिंग वॉचमन मामा स्वतः घेतात, त्यासाठी मालकांनी त्यांना वेगळे पैसे लावलेत, हे मी आग्रहाने करायला लावलं कारण रात्री साडेचारला टाकीवर चढणं हे काम आहे. नेहमी २ सेंटीमीटरच्या आसपास उतार असतो. परवा मामांचा फोन आला, या वेळी ४ आलंय म्हणून. मी म्हटलं खायचा रंग घ्या आणि खोल्या बघा. दुपारपर्यंत त्यांना सापडलं, ११ नंबरच्या खोलीची फ्लशची टाकी, सील गेलेला.